प्लॉटचे दोन तुकडे करा, पण मागच्या तुकड्याकडे बघून

कांद्याची लागण उरकली, पाणी चालू आहे. आज मात्र पिकावर नाही, आमच्या बांधाला लागून असलेल्या प्लॉटवर लिहितोय.

गावठाणाला चिकटून पाच गुंठ्यांचा बिनशेती प्लॉट आहे. रस्त्याकडे साठ फूट तोंड, आत नव्वद फूट खोल. वडील वारले, आता दोघा भावांना वेगळं व्हायचंय. गावात दोन तट. एक म्हणतो, सरकारनं तुकडेबंदी उठवली, आता अर्धा गुंठा पण चालतो. दुसरा म्हणतो, असंच तुकडे पाडत गेलात तर गावाची चाळ होईल.

आधी एक सरमिसळ सोडवू. तुकडेबंदीचा कायदा 1947 चा, मुळात शेतजमिनीसाठी. बागायतीला 10 गुंठे आणि जिरायतीला 20 गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र त्याच्यातलं. 2025 मध्ये त्यात सूट मिळाली ती रहिवासी पट्ट्यातल्या जमिनींना. पण मंजूर नकाशातला बिनशेती प्लॉट तोडायचा तर पोटविभागणीचा नकाशा मंजूर करून घ्यावाच लागतो. "कायदा उठला" म्हणून चुन्याची रेघ मारली की झालं, असं नाही.

माझं मत विचाराल तर परवानगी द्यावी. नाही म्हणून काय होतं ते आपण बघतोय की. वाटणी थांबत नाही, ती फक्त स्टॅम्पपेपरवर नोटरी होऊन घरातल्या पेटीत जाते. नोटरीनं मालकी बदलत नाही. कागदावर जागा सामाईकच राहते. मग धाकट्याला घरासाठी कर्ज पाहिजे, तर बँक थोरल्याची सही मागते. बहिणीचं नाव लागलेलं असेल तर तिचीही. एक सही अडली की घर अडलं. त्यापेक्षा दोन स्वच्छ पोटहिस्से बरे.

पण कसे पाडायचे, खरी मेख तिथंच आहे. उभे पट्टे केले तर दोघांना तीस-तीस फूट तोंड मिळतं, रस्ता दोघांनाही. बाजूंनी जागा सोडली की घर रेल्वेच्या डब्यासारखं होतं, हे खरं. थोरल्याला ते नकोय. त्याला पुढं दोन गाळे काढायचेत, म्हणून तो पुढचा भाग मागतोय आणि धाकट्याला मागचा देतोय. "जायला वाट देतो की, कुठं जातोय मी?" असं म्हणतोय. माणूस चांगला आहे, देईलही. पण तोंडी वाट ही दोन भावांचं बोलणं असेपर्यंतच. पुढं पोरं मोठी होतात, गाळ्याची पायरी एक फूट पुढं येते, मग शटर, मग मोटारसायकल, मग कोर्ट.

हिशोब करून बघा. दहा फूट रुंद वाट, पुढच्या पंचेचाळीस फुटांतून. साडेचारशे चौरस फूट. एक गुंठा 1089 चौरस फुटांचा, म्हणजे अर्धा गुंठासुद्धा जात नाही. तेवढी वाट नकाशावर आणि नोंदणी केलेल्या वाटणीपत्रात आली पाहिजे. दहा फुटांत सेप्टिक टाकी उपसायचा टँकर जातो. अडीच फुटाच्या बोळातून आजारी माणसाची खाटसुद्धा वळत नाही. आणि नियमानं वाट जास्त रुंद लागत असेल तर तेवढी सोडायची, नाहीतर उभे पट्टे घ्यायचे. तिसरा रस्ता नाही.

आता माझा स्वार्थ. प्लॉटचा उतार आमच्या शेताकडं आहे. आज एका घरचं सांडपाणी परसातल्या केळीत जिरतं. उद्या दोन घरं, चार मोऱ्या, दोन गाळे, आणि मागं फरशी. ते पाणी कुठं जाणार? माझ्या कांद्यात. म्हणून शोषखड्डा कुठं आणि पावसाचं पाणी कुठून काढणार, हेही त्याच नकाशावर दाखवा, एवढंच मागणं आहे. हे मी दोघांना समोरासमोर सांगितलंय. धाकटा गप्प बसला, थोरला म्हणाला, "तात्या, तुम्ही पण आता अडवायला लागलात का?"

अडवत नाही बाबा. मोजणीची नोटीस लगतदार म्हणून मला येईलच. त्या दिवशी हजर राहून माझ्या हद्दीच्या खुणा दाखवीन, सहीही करीन. पण सही करताना मागच्या तुकड्याची वाट नकाशात आहे का, ते बघणार. नसेल तर हरकत तिथंच लेखी देणार.

तुमच्याकडं अशा वाटण्या कशा झाल्यात, वाट किती फुटांची सोडली, ते खाली लिहा. थोरल्याला वाचून दाखवतो.