डॉल्फिन दिसला नाही, हीसुद्धा नोंदच!

शाळेची सहल कोकणात गेली की एक कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. दापोलीजवळच्या मुरुडला किंवा मालवणजवळच्या तारकर्लीला होडीत बसायचे आणि डॉल्फिन पाहून यायचे. पाण्यातून एखादी करडी पाठ वर येते, ‘तो बघा, तो बघा’ असा गलका होतो, होडी तिकडे वळते, तोवर पाठ दिसेनाशी झालेली असते. घरी आल्यावर सहलीच्या निबंधात एक वाक्य येते : ‘आम्ही डॉल्फिन पाहिले.’ ज्यांना ते दिसले नाहीत ते म्हणतात, ‘पैसे फुकट गेले.’

मला ही दोन्ही वाक्ये अपुरी वाटतात. डॉल्फिन पाहणे वेगळे आणि डॉल्फिनचा अभ्यास करणे वेगळे. आपल्या शाळांनी सहलीऐवजी अभ्यास-शिबिर भरवावे, आणि त्यात ‘दिसला नाही’ हेही वहीत लिहायला शिकवावे, असे माझे मत आहे.

आपल्या किनाऱ्यालगत नेहमी दिसतो तो हंपबॅक डॉल्फिन. त्याच्या पाठीवर बैलाच्या वशिंडासारखा उंचवटा असतो. कोकणातले मच्छीमार डॉल्फिनला ‘गादा’ म्हणतात. तो मासा नव्हे, फुप्फुसांनी श्वास घेणारा सस्तन प्राणी आहे. श्वासासाठी त्याला पुनःपुन्हा वर यावे लागते, म्हणूनच काठावर बसूनही त्याचे निरीक्षण करता येते. तो उथळ पाण्यात राहतो, आणि नेमक्या त्याच पट्ट्यात आपली जाळी, होड्या, बंदरे आणि सांडपाणी असते. मादीला एका वेळी एकच पिल्लू होते. त्यामुळे घटलेली संख्या लवकर भरून येत नाही. जागतिक पातळीवर ही जाती धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे.

आता एक साधे गणित करा. समजा, एका शाळेच्या मुलांना यंदा चार दिवस डॉल्फिन दिसले आणि पाच वर्षांनंतरही चार दिवसच दिसले. मग सारे ठीक आहे असे म्हणायचे का? पण यंदा मुले दहा दिवस टेहळणीला बसली होती आणि पाच वर्षांनंतर चाळीस दिवस, असे असेल तर? दहापैकी चार आणि चाळीसपैकी चार यांत केवढा फरक! रिकाम्या दिवसांची नोंद नसती, तर हा फरक कोणाच्याच लक्षात आला नसता.

असे शिबिर भरवायला खर्चीक साधने लागत नाहीत. दिवाळीनंतर, समुद्र शांत असताना, तीन-चार दिवस किनाऱ्यावरच्या गावात राहावे. एखाद्या टेकडीवर दोघादोघांनी दोन-दोन तास बसावे. एकाने पाहावे, दुसऱ्याने लिहावे. दर पंधरा मिनिटांनी वेळ, वारा, भरती की ओहोटी, होड्या किती, पक्षी कोणते, डॉल्फिन किती आणि कोणत्या दिशेने गेले, हे नोंदवावे. काही नसेल तर ठसठशीत शून्य लिहावे.

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास ओहोटीला पाणी खूप मागे हटते. तेव्हा शिक्षकांसोबत खडकांवर जावे. सुतळीने एक मीटर लांबी-रुंदीचा चौकोन आखावा आणि त्यातले शंख, कालवे, खेकडे, समुद्रफुले मोजावीत. जिवंत काही उचलून आणू नये, उलटलेला दगड पुन्हा पहिल्यासारखा ठेवावा आणि भरती सुरू होण्याआधी परतावे. मालवणचा किनारा तर यासाठी उत्तम शाळाच आहे. तेथे प्रवाळही आहेत, आणि १९८७ साली तेथे सागरी अभयारण्य जाहीर झाले. संध्याकाळी गावातल्या जुन्या मच्छीमारांशी बोलावे. त्यांच्या आठवणीही वहीत उतरवाव्यात.

शाळकरी मुलांच्या हातून काय होणार, अशी शंका काही जण घेतील. त्यांना एक उदाहरण सांगतो. अमेरिकेतील फ्लोरिडाच्या सारासोटा उपसागरात १९७० साली डॉल्फिनचा अभ्यास सुरू झाला. त्यात मदत करणारा रँडल वेल्स तेव्हा शाळेत शिकत होता. पुढे तो याच विषयातला नामवंत शास्त्रज्ञ झाला. पाठीवरच्या पराच्या कडेला पडलेल्या खाचांवरून तेथे एकेक डॉल्फिन ओळखला जातो, आणि त्यांच्या कित्येक पिढ्यांची माहिती आज नोंदलेली आहे. तेथील कामाची मोठी पुंजी म्हणजे वर्षानुवर्षे न खंडता ठेवलेल्या नोंदी.

दोन तास बसून काहीच दिसले नाही तर मुले कंटाळतील, हा आक्षेप खरा आहे. मुले कंटाळतीलच. पण शास्त्रातला पुष्कळसा वेळ असाच जातो, हे पाठ्यपुस्तक सांगत नाही. टेकडीवरचे दोन तास सांगतात. होडीवाल्यांच्या पोटावर पाय द्यावा, असेही मी म्हणत नाही. होडीत जरूर बसा. फक्त इंजिन मंद ठेवायला, प्राण्यांच्या वाटेत होडी न घालायला आणि त्यांचा पाठलाग न करायला सांगा. गिऱ्हाईकानेच तसे सांगितले तर होडीवालाही ऐकेल.

शिक्षकांना एक विनंती. ही वही सहल संपल्यावर फेकू नका. ती शाळेच्या कपाटात ठेवा, पुढच्या वर्षीच्या मुलांच्या हाती द्या आणि त्याच टेकडीवर त्यांना न्या. दहा वर्षांनी त्या वहीत आपल्या समुद्राविषयी असे काही सापडेल, जे दुसऱ्या कोणत्याही पुस्तकात नसेल. त्यात शून्ये पुष्कळ असतील. ती खोडू नका!