विश्लेषण : सौरवीज स्वस्त, मग कोळसा अजून का जळतो?

देशातील वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेत जीवाश्म इंधनाविना चालणाऱ्या स्रोतांचा वाटा जून २०२५मध्ये निम्म्यावर गेला. हे उद्दिष्ट खरे तर २०३०चे होते, ते पाच वर्षे आधीच गाठले गेले. मात्र २०२४-२५मध्ये प्रत्यक्ष तयार झालेल्या विजेपैकी ७० टक्क्यांहून अधिक वीज कोळशाचीच होती. दोन्ही आकडे खरे आहेत. मग गोम कुठे आहे?

क्षमता निम्मी, वीज का नाही?

एक मेगावॉटचा सौर प्रकल्प वर्षाला साधारण १५ ते १८ लाख युनिट वीज देतो. तेवढ्याच क्षमतेचा कोळशाचा संच ७० टक्के भाराने चालला तर ६१ लाख युनिट देतो. म्हणजे कागदावर मेगावॉट सारखे, पण वीज जवळपास चौपट. शिवाय त्या निम्म्या वाट्यात मोठी धरणे आणि अणुवीजही मोजली जाते. तारापूरला लागणारे युरेनियम काही पुन्हा उगवत नाही. पण त्याचा धूर नाही, म्हणून ते ‘स्वच्छ’ रकान्यात बसते. ‘नवीकरणीय’ आणि ‘बिगर जीवाश्म’ हे शब्द जाहिरातींत सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, ते एक नव्हेत.

स्वस्त कोणती?

नव्या प्रकल्पांपुरते बोलायचे तर सौरच. डिसेंबर २०२०मध्ये गुजरातच्या लिलावात दर युनिटला १ रुपया ९९ पैशांपर्यंत उतरला होता. त्यानंतर तो अडीच रुपयांच्या आसपास राहिला. नव्या औष्णिक प्रकल्पाची वीज याच्या दुपटीच्या घरात जाते. सौर प्रकल्पाचा करार साधारण २५ वर्षांचा आणि दर ठरलेला. कोळशाचे तसे नाही. खाण दूर असेल तर रेल्वेभाडे, आयात असेल तर डॉलरचा भाव, आणि हा सगळा फरक ‘इंधन समायोजन शुल्क’ या नावाने तुमच्या वीजबिलात येतो. ऑक्टोबर २०२१मध्ये अनेक केंद्रांत जेमतेम काही दिवसांचाच कोळसा उरला होता, हेही विसरता येत नाही.

मग अडते कुठे?

संध्याकाळी सातला. सूर्य मावळतो, त्याच वेळी घराघरांत दिवे, पंखे, एसी, टीव्ही सुरू होतात. कोळशाचा संच दुपारी बंद करून सायंकाळी लगेच चालू करता येत नाही. थंड पडलेला संच पेटवायला कित्येक तास लागतात. त्यामुळे दुपारी सौरवीज मुबलक असतानाही तो किमान ५५ टक्के भाराने चालवत ठेवावा लागतो. परिणामी राजस्थानसारख्या राज्यात वाहिन्याही अपुऱ्या असल्याने स्वस्त सौरवीज काही वेळा घेताच येत नाही, पॅनेल असून नसल्यासारखे. म्हणून ‘युनिट केवढ्याला?’ याबरोबरच ‘कोणत्या वेळचे युनिट?’ असेही विचारायला हवे.

या वेळेला महाराष्ट्राकडे कोयना आहे. १,९६० मेगावॉटचे हे केंद्र काही मिनिटांत पूर्ण जोमाने चालते. पण पश्चिमेकडे वळवून वीज करायला वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी पाण्याचीच मुभा आहे, ते जपून वापरावे लागते. दुसरा मार्ग उदंचनाचा. घाटघरच्या २५० मेगावॉट प्रकल्पात वीज जास्त असताना पाणी वरच्या जलाशयात चढवतात आणि गरजेला खाली सोडतात. चार युनिट खर्चून तीन परत मिळतात. तोटाच, पण दुपारी वाया जाणाऱ्या विजेचा असेल तर परवडणारा. बॅटरीही स्वस्त होत आहे. तरी ती साधारण दोन-चार तासांची सोय. पावसाळ्यातल्या ढगाळ आठवड्याला ती पुरणार नाही. त्या दिवसांत साताऱ्याच्या पठारांवरच्या पवनचक्क्या मात्र जोरात असतात.

शेतीला काय?

सौरवीज आणि गरज यांची वेळ सर्वांत चांगली जुळते ती इथे. रात्री दोनला बॅटरीच्या उजेडात, साप-बिबट्याच्या भीतीत मोटार चालू करायला जाणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा वीज मिळणे ही चैन नव्हे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळच प्रकल्प उभारून कृषिपंपांच्या फीडरला वीज दिली जाते. दर तीन रुपयांच्या आसपास पडतो, वहनातली गळतीही वाचते. खासगी जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे आहे. फक्त, एका मेगावॉटला चार-पाच एकर जागा लागते आणि शोध अनेकदा गायरानावर थांबतो. त्या गावची जनावरे कुठे चरणार, हे निविदेत नसते.

बिलात न दिसणारी किंमत

कोळशाच्या एका युनिटमागे सुमारे ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो, जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि राख उरते ती वेगळीच. ही राख पुण्यात दिसत नाही, चंद्रपुरात दिसते. धुरातील गंधक रोखण्याचे निकष डिसेंबर २०१५मध्ये ठरले, मुदती वारंवार वाढल्या आणि जुलै २०२५मध्ये बहुतेक संचांना त्यातून सूटच मिळाली. कोळसा ‘परवडतो’ असे म्हणताना हा खर्च चंद्रपूरकरांच्या फुप्फुसांवर टाकलेला असतो.

ग्राहकाने काय करायचे?

केंद्राच्या २०२३च्या नियमांनी उन्हाच्या तासांत वीज स्वस्त आणि मागणीच्या कळसाला महाग ठेवण्याचा मार्ग आखला. त्यासाठी स्मार्ट मीटर हवा. पाण्याची टाकी भरणारी सोसायटी, पिठाची गिरणी, शीतगृह यांना काम दुपारी सरकवता येईल. दोघेही नोकरीला जाणाऱ्या घराला मात्र दुपारची सवलत असून उपयोग थोडा. त्यांचा स्वयंपाक आणि एसी संध्याकाळीच चालणार, आणि तोवर सूर्य मावळलेला असणार.