टाका तुमचा, मजकूरही तुमचाच



दिवाळीच्या निमित्ताने वर्गात मुलांकडून काय करून घ्यावे, हा विषय पालकांच्या बोलण्यात पुन्हा निघाला आहे. नाच, नाटुकले, किल्ला अशा सूचना आल्या आहेत आणि त्या सगळ्या चांगल्याच आहेत. परंतु माझे मत विचाराल तर यंदा प्रत्येक मुलाने एक शुभेच्छापत्र करावे. ते जाड कागदावर सुईदोऱ्याने भरलेले असावे, आत मुलाने स्वतः मराठीत लिहिलेल्या चार ओळी असाव्यात, आणि ते भारतातल्या एका माणसाच्या नावाने टपालात पडावे. भरणे, लिहिणे आणि पाठवणे या तीन गोष्टींपैकी एकही गाळू नये. का, ते सांगतो.

सिंगापूरच्या शाळांत आपल्या मुलांना मातृभाषा म्हणून तमिळखेरीज बंगाली, गुजराती, हिंदी, पंजाबी आणि उर्दू घेता येतात. या यादीत मराठी नाही. त्यामुळे आपली बरीच मुले शाळेत हिंदी शिकतात आणि मराठी उरते ती शनिवार-रविवारच्या वाट्याला. तिला गुण नाहीत की प्रगतिपुस्तक नाही. मुले घरी मराठी बोलतात, आजीआजोबांशी व्हिडिओवर गप्पाही मारतात. पण मराठीत लिहितात कोणाला? वहीत लिहितात, बाई तपासतात आणि वही मिटते. परीक्षा नाही म्हणून मुले मराठी लिहीत नाहीत, असे आपण नेहमी म्हणतो. मला ते पटत नाही. लिहिलेले वाचायला कोणी वाट पाहत बसलेले नाही, ही खरी अडचण आहे.

त्यात एक छोटी गंमत. हिंदीमुळे मुलांना देवनागरी येते, ही मोठीच सोय आहे. पण हिंदीच्या वर्गात 'ळ' भेटत नाही. मग मुले सहज 'दिवाली' लिहून मोकळी होतात. आपला बाळ, आपला फळा, आपली शाळा, आपला तिळगूळ आणि आपली दिवाळी, सगळ्यांत 'ळ' ठाण मांडून बसलेला. म्हणून माझी पहिली सूचना अशी की लहान मुलांनी कार्डावर दुसरे काही न भरता एक मोठा 'ळ' भरावा. दोन गोलांचे हे अक्षर टाक्यांनी फार छान दिसते, आणि ज्याने तो वीस-पंचवीस टाक्यांत भरला तो पुन्हा 'दिवाली' लिहिणार नाही.

आता कृती. साहित्य घरातले किंवा ब्लॉकखालच्या दुकानातले. जाड कार्डपेपरचा ए-फोर कागद अर्धा कापून घडी घातली की एक कार्ड होते. नक्षी आधी आलेख-वहीच्या कागदावर काढावी, तो कागद कार्डाच्या दर्शनी बाजूवर क्लिपने लावावा, खाली घडी घातलेला टॉवेल किंवा जुना माऊसपॅड ठेवावा आणि टाचणीने ठिपक्यांवर भोके पाडावीत. दोन भोकांत चार-पाच मिलिमीटर अंतर असावे. फार जवळ पाडली तर मधला कागद फाटतो. भरतकामाच्या लडीचा दोरा सहापदरी असतो. त्यातले दोनच पदर घ्यावेत. दोरा हातभर पुरे, लांब घेतला की गुंता ठरलेला. गाठ मारू नये, तिचा फुगवटा पुढून दिसतो. दोऱ्याचे टोक मागे चिकटपट्टीने बसवावे. दोरा ओढताना वर न ओढता कागदालगत, हळू ओढावा. शेवटी मागच्या बाजूवर एक साधा कागद चिकटवला की सगळी सुतागुंत झाकली जाते.

कापड आणि कागद यांत एक फरक आहे, तो मला मुलांच्या दृष्टीने महत्त्वाचा वाटतो. कापडावर चुकलेला टाका उसवला की धागे पुन्हा सरकून जागा बुजते. कागदावर एकदा पडलेले भोक बुजत नाही. म्हणून आधी नक्षी पुरी करायची, ठिपके मोजायचे, सुई कुठून वर येणार आणि कुठे खाली जाणार ते ठरवायचे आणि मगच टोचायचे. मी व्यवसायाने सॉफ्टवेअर अभियंता. आमच्याकडे चूक झाली की एक कळ दाबून मागे जाता येते. आपली मुले याच कळीच्या सवयीत वाढत आहेत. मागे न जाता येणारे एखादे काम त्यांच्या हाताला माहीत असलेले बरे.

ज्यांना हे केवळ हस्तकलेचे काम वाटते त्यांच्यासाठी थोडे गणित. संगणकाच्या प्रत्येक प्रोग्रॅममध्ये ज्याचे तर्कशास्त्र वापरले जाते, तो जॉर्ज बूल आम्हा अभियंत्यांना परिचित आहे. त्याची पत्नी मेरी एव्हरेस्ट बूल (१८३२-१९१६) हिची ओळख मात्र फार थोड्यांना असते. भारताचे सर्व्हेअर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट, ज्यांचे नाव १८६५ मध्ये जगातल्या सर्वोच्च शिखराला दिले गेले, ते तिचे काका. १८६४ मध्ये बूल वारला तेव्हा तिच्या पदरी पाच मुली होत्या. मुलांना गणित कसे शिकवावे यावर तिने पुढे पुस्तके लिहिली, आणि तिच्या आवडत्या साधनांपैकी एक होते जाड कागद, भोके आणि रंगीत दोरा! तशा कार्डांना आजही 'बूल कार्ड' म्हणतात. तिची एक मुलगी ॲलिशिया हिने विद्यापीठात न जाता चार मितींच्या आकृत्यांवर मोलाचे काम केले.

मेरीबाईंची युक्ती करून पाहा. कागदावर काटकोन काढा. दोन्ही बाजूंवर पाच-पाच मिलिमीटरवर दहा भोके पाडा आणि कोपऱ्यापासून १ ते १० आकडे द्या. आता उभ्या बाजूचे १ आडव्या बाजूच्या १० ला जोडा, २ ला ९, ३ ला ८, असे शेवटपर्यंत. दहाही टाके सरळ आहेत, तरी त्यांच्या कडेने एक सुरेख वळण उमटते. हे वळण म्हणजे अन्वस्त, इंग्रजीतला पॅराबोला. अधिक चिन्हाच्या चारही काटकोनांत हेच केले की चार टोकांची चांदणी होते. खाली झिरमिळ्या लावा, आकाशकंदील तयार. मोठ्या मुलांनी वर्तुळावर कोनमापकाने दहा-दहा अंशांवर ३६ भोके पाडावीत आणि प्रत्येक भोक पुढच्या बाराव्या भोकाला जोडावे. मध्ये एक रिकामे वर्तुळ आपोआप दिसू लागते, बरोबर निम्म्या त्रिज्येचे. का निम्म्याच, हे मुलाला विचारा आणि उत्तर लगेच सांगू नका.

हे सगळे विलायती आहे असे मात्र कोणी समजू नये. आधी ठिपके, मग रेघा, हे आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीचेच शास्त्र आहे. आजीची रांगोळीची वही मिळाली तर भोके पाडायला त्याहून चांगला नमुना नाही. धारवाड-बेळगावकडच्या बायका इरकली लुगड्यावर कसूती भरतात. तीत नक्षी छापून घेत नाहीत, कापडाचे धागे मोजून टाका घालतात. गवंती टाक्यात जाताना एक सोडून एक टाका घालायचा आणि परतताना मधल्या मोकळ्या जागा भरायच्या. मग दोन्ही बाजू सारख्या दिसतात आणि गाठ कुठेच नसते. कागदावर हा टाका फार चांगला बसतो. आणि आपल्या सिंगापुरात पेरानाकान बायका मण्यांनी भरलेल्या सपाता करीत, त्यांना मलयमध्ये 'कसूत मानेक' म्हणतात. 'कसूत' म्हणजे पादत्राण, त्याचा आपल्या कसूतीशी संबंध नाही. पण 'मानेक' हा आपल्या मणी-माणिकाचाच नातलग. आर्मेनियन स्ट्रीटवरचे पेरानाकान संग्रहालय २०२३ मध्ये पुन्हा उघडले आहे. मुलांना एकदा अवश्य न्यावे.

आता शंकांकडे वळू.

वेळ कुठून आणायचा? भोकांना वीस मिनिटे आणि टाक्यांना तास-दीड तास धरा. वर्गाच्या दोन सत्रांत काम आटोपते. प्रायमरी सहावीच्या मुलांना पीएसएलईच्या गडबडीत जमले नाही तर त्यांनी संक्रांतीचे कार्ड करावे. तिळगुळात तर दोन 'ळ' आहेत! सुई टोचेल ही भीती असेल तर भोके मोठ्यांनी पाडून द्यावीत आणि लहानांना बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची सुई द्यावी. हे मुलींचे काम आहे असे कोणा मुलाला वाटले तर त्याला वरचे ३६ भोकांचे वर्तुळ द्यावे आणि गंमत पाहावी.

तयार संच विकत आणू का, असेही विचारले जाते. नको. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले तेव्हा माँटेसरीची महागडी साधने खेड्यात परवडणारी नव्हती. त्यांनी आणि अनुताई वाघांनी बिया, पाने, शंख-शिंपले अशा आसपासच्या वस्तूंतून साधने उभी केली. संचातली नक्षी दुसऱ्याने ठरवलेली, भोके दुसऱ्याने पाडलेली. मुलाकडे उरते ती नुसती हमाली. आपल्यापाशी पैसे आहेत म्हणून मुलाच्या वाटचा विचार विकत आणू नये.

सगळ्यात मोठी शंका व्हॉट्सॲपची. क्षणात पोचते, फुकट पोचते, मग तिकिटाचा खर्च कशाला? खरे आहे. पण दिवाळीच्या सकाळी आजीच्या फोनवर पणत्यांची किती चित्रे येऊन पडतात आणि त्यांतली किती ती पुन्हा उघडते, हे आपण सारे जाणतो. नातवाने दीड तास सुई चालवली, हे कार्ड हातात घेताच कळते. एक टाका वाकडा असेल तर अधिकच कळते.

म्हणूनच पालकांना माझी हात जोडून विनंती आहे, की हात मागे ठेवा. कार्ड सुबक व्हावे म्हणून आपण टाके घालायला बसतो आणि मजकूरही सांगून मोकळे होतो. 'ही दीपावली आपणांस सुखसमृद्धीची व भरभराटीची जावो' हे वाक्य शुद्ध आहे, पण ते आठ वर्षांच्या मुलाचे नाही. त्याला लिहू द्या, 'आजी, हे शिवताना माझा दोरा तीन वेळा तुटला. तू या वर्षी चकली केलीस का?' आधी कच्च्या कागदावर लिहावे, बाईंनी ऱ्हस्व-दीर्घ दाखवावेत आणि मुलाने स्वतः पक्के करावे. वाक्य मात्र कोणी बदलू नये.

पत्ताही मुलानेच लिहावा. सिंगापूरचा पोस्टल कोड सहा आकडी, भारताचा पिनकोडही सहा आकडी. तो १५ ऑगस्ट १९७२ पासून लागू झाला आणि त्याची योजना करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ होते, संस्कृतचे पंडित आणि कवीही. देशाचे नाव तेवढे इंग्रजीत लिहावे, म्हणजे इथल्या पोस्टाला अडचण पडणार नाही. कार्ड जाड असते, म्हणून वजन करून मगच तिकीट लावावे. आणि दिवाळीच्या निदान तीन आठवडे आधी टाकावे.

कार्डाच्या तळाशी एक ओळ सर्वांनी लिहावी अशी माझी सूचना आहे: 'मला पत्रानेच उत्तर पाठवा.' आपल्या मुलांना छापील मराठी वाचता येते. हाताने लिहिलेले, वळणदार, थोडे मोडीच्या ढंगाचे मराठी ती अडखळत वाचतात किंवा वाचतच नाहीत. पोस्टकार्ड आणि निळे आंतर्देशीय पत्र लिहिण्याची सवय असलेली पिढी आज आपल्या घरांत आहे. सत्तरी-ऐंशीच्या त्या हातांचे अक्षर मुलांना वाचता यावे असे वाटत असेल, तर ही गोष्ट पुढच्या वर्षावर टाकण्यासारखी नाही. ज्यांचे आजीआजोबा नाहीत त्यांनी मावशी, आत्या, काका किंवा इथल्याच एखाद्या वयस्कर मराठी शेजाऱ्यांना पाठवावे. वाचणारा खरा हवा, एवढीच अट.

आलेली उत्तरे, घरच्यांची परवानगी असल्यास, मुलांनी वर्गात मोठ्याने वाचावीत. कार्डांना क्रमांक किंवा बक्षीस देऊ नये. ज्याला उत्तर आले त्याला बक्षीस मिळालेच आहे.

पुढच्या वर्गाला येताना प्रत्येकाने एक आलेख-कागद, टाचणी आणि ज्याला पत्र लिहायचे त्याचा पूर्ण पत्ता आणावा. कार्डपेपर आणि दोऱ्याच्या लड्या मी घेऊन येईन. माझे मत न पटणाऱ्यांनी पुढच्या अंकासाठी अवश्य लिहावे. शक्य तर हाताने आणि मराठीत.

आपला,
एक पालक, क्वीन्सटाउन