पाऊस वैरागचा, आकडे कोणाचे?

बार्शी तालुक्यातील वैरागचा परिसर अवर्षणप्रवण. पाऊस लांबला किंवा अवेळी कोसळला, की हवामान बदलल्याचे तेथे सहज बोलले जाते. मात्र महाविद्यालयीन विद्यार्थ्याने हेच विधान शोधप्रकल्पात केले, तर त्यास मोजमापाचा आधार लागतो. आणि खरी अडचण तेथेच आहे.

महसूल मंडळाच्या पातळीवर पाऊस मोजणारी ‘महावेध’ प्रकल्पाची स्वयंचलित केंद्रे अलीकडच्या दशकातील. हवामानाचे सरासरी मान ठरविताना जागतिक हवामानशास्त्र संघटना तीस वर्षांच्या नोंदी प्रमाण मानते. साहजिकच या केंद्रांच्या भरवशावर पाऊसमान घटल्याचा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते. भारतीय हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाने १९०१ पासूनचा दैनिक पाऊस संकेतस्थळावर विनामूल्य ठेवला आहे. तो पाव अंशाच्या चौकोनांत मांडलेला असून, असा एक चौकोन सुमारे २७ किलोमीटर लांबी-रुंदीचा. त्यात वैरागसह कित्येक गावे सामावतात आणि आकडाही आसपासच्या पर्जन्यमापकांवरून गणिताने काढलेला असतो. जवळची नोंद अल्पकाळाची, दीर्घकाळाची नोंद ढोबळ, असा हा पेच. तो न लपविता मांडणारा प्रकल्प गुळगुळीत आलेखांपेक्षा अधिक विश्वासार्ह मानला पाहिजे.

मोठ्या नावाचा दबदबाही पुरेसा नाही. आंतरसरकारी हवामानबदल मंडळाच्या २००७ च्या अहवालात हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची शक्यता वर्तविली होती. आधार होता एका पर्यावरण संस्थेच्या अहवालाचा, आणि त्या अहवालाचा आधार १९९९ मधील एका विज्ञान नियतकालिकातील वृत्ताचा. जानेवारी २०१० मध्ये मंडळाला चूक मान्य करावी लागली. अहवालाचा मूळ निष्कर्ष त्यामुळे ढासळला नाही. पण मूळ निबंध न पाहता उतरविलेला आकडा कोठवर पोहोचतो, हे दिसले. आता तर संगणकीय चॅटबॉट अस्तित्वातच नसलेल्या निबंधांचे संदर्भ छातीठोकपणे पुरवितात.

बनावट नियतकालिकांना आळा घालण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये आणलेली ‘केअर’ यादी २०२५ मध्ये बंद झाली. पारख करण्याचा भार आता महाविद्यालयांवर आला आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी संपादित केलेला २०२० चा राष्ट्रीय अहवाल सर्वांना खुला आहे. १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढल्याचे तो सांगतो. परंतु सशुल्क नियतकालिकांसाठी जानेवारी २०२५ पासून सुरू झालेली ‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’ योजना पहिल्या टप्प्यात सरकारी संस्थांपुरतीच ठेवण्यात आली. ग्रामीण भागातील बहुतेक महाविद्यालये मात्र खासगी शिक्षणसंस्था चालवितात.