लाखभर ओव्या कशा ऐकायच्या

जात्यावरच्या 1 लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह पुण्यातून उभा राहिला. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे, पुढे भारताचे नागरिक झालेले गी पॉइटवाँ हे दोघे त्याचे कर्तेधर्ते. गरीब डोंगरी संघटनेच्या कामानिमित्त त्यांचे मुळशीच्या डोंगरपट्ट्यात जाणे-येणे होते. तिथल्या बायका सभेत फारशा बोलत नसत, पण जात्यापाशी बसल्या की सासू, नवरा, भाऊ, पाटील, विठ्ठल अशा सगळ्यांची झाडाझडती घेत. ते उतरवून घ्यायला ऐंशीच्या दशकात सुरुवात झाली, आणि बघता बघता काम 1,000 हून जास्त गावांत आणि 3,000 हून जास्त गायिकांपर्यंत पोचले. नव्वदच्या दशकात संगीताचे संगणकीय अभ्यासक बर्नार्ड बेल येऊन मिळाले आणि त्यातल्या काही हजार ओव्यांचे ध्वनिमुद्रण झाले. पॉइटवाँ 2004 मध्ये गेले, राईरकर 2010 मध्ये. 2017 पासून हा ठेवा ‘पारी’, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया, टप्प्याटप्प्याने लोकांपुढे आणत आहे.

ओव्यांचे संग्रह त्याआधीही झाले होते. साने गुरुजींचे ‘स्त्रीजीवन’ आहे, सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याचे खंडच्या खंड काढले. पण त्या पानांवर ओवी भेटते, बाई भेटत नाही. ‘लोकसाहित्याला कर्ता नसतो’ हे वाक्य अभ्यासकांनी इतके घोकले की नाव विचारायची गरजच कुणाला वाटली नाही. पुण्याच्या या संग्रहात मात्र ओवीपाशी तिचा विषय आहे, गाणारीचे नाव आहे, गावही आहे. ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे, माजलगावच्या भीमनगरातल्या राधाबाई बोऱ्हाडे अशी माणसे त्यामुळे समोर येतात. राधाबाईंच्या वस्तीत 1996 मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्या ऐकल्यावर ‘ओवी म्हणजे माहेर आणि विठोबा’ हा समज टिकत नाही.

छापली की ओवी दोन ओळींत संपते. जात्यावर ती तशी संपत नाही. समोरासमोर दोघी बसतात, खुंट्यावर दोघींचे हात. एक हात खुंटा ओढतो, दुसरा मूठमूठ दाणे जात्याच्या तोंडात सोडतो. एकीने अर्धी ओळ म्हणायची, तीच परत घ्यायची, मध्ये ‘बाई’, ‘गं’ पेरायचे, मागची अर्धी ओळ पुढे आणायची. तोवर दुसरीने सूर धरलेला असतो. दगडाची घरघर हाच षड्ज. नुकतीच टाकी लावलेले जाते निराळे वाजते, झिजलेले निराळे. दळण जितके तितके गाणे. त्यामुळे पुस्तकातली ओवी वाचून चालीचा अंदाज येत नाही. त्यासाठी मुद्रण ऐकावेच लागते.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लूज गाण्यांशी या ओवीचे जवळचे नाते दिसते. ब्लूजच्या नेहमीच्या कडव्यात पहिली ओळ दोनदा गातात आणि तिसऱ्या ओळीने तिला उत्तर देतात. ओळ परत म्हणताना पुढची जुळवायला उसंत मिळते. ओवीतही हेच घडते. ब्लूजमध्येही तयार ओळी या गायकाकडून त्या गायकाकडे बिनदिक्कत फिरतात. मूळही कष्टाच्या गाण्यांत. ॲलन लोमॅक्स यांनी 1947-48 मध्ये मिसिसिपीतल्या पार्चमन तुरुंगात कुऱ्हाडीच्या घावावर कैद्यांनी म्हटलेली गाणी मुद्रित केली, ती जात्याच्या ओवीची सख्खी भावंडे आहेत.

फरक पडला तो बाजारामुळे. 1920 मध्ये मेमी स्मिथ यांची ‘क्रेझी ब्लूज’ ही तबकडी खपली आणि कंपन्यांना कृष्णवर्णीय गिऱ्हाईक सापडले. मा रेनी, बेसी स्मिथ अशा बायकांचा तो काळ, आणि अभिजात ब्लूज म्हणतात तो खरे तर यांचाच. तबकडीत मावायची जेमतेम तीन मिनिटे, म्हणून गाणेही तेवढेच झाले. पुढे संग्राहकांची आवड गिटारवाल्या एकट्या पुरुषाकडे वळली. अवघी 29 गाणी मुद्रित करून गेलेले रॉबर्ट जॉन्सन 1961 च्या संकलनानंतर दंतकथा बनले आणि गाणाऱ्या बायका मागे पडल्या. म्हणजे काय ऐकले जाईल हे गाणारा जेवढे ठरवतो, तेवढेच संकलन करणाराही ठरवतो. 1952 मध्ये हॅरी स्मिथ यांनी जुन्या तबकड्यांतली 84 गाणी निवडून अमेरिकी लोकसंगीताचा संच काढला, आणि एका पिढीचे कान त्यावर तयार झाले. त्याच वर्षी महाराष्ट्रात बहिणाबाईंची गाणी पुस्तकरूपाने आली. त्या ओळी मुलाने उतरवून घेतल्या होत्या, म्हणून बहिणाबाई हे नाव राहिले. असा लेक बाकीच्यांच्या वाट्याला आला नाही.

पुण्याच्या संग्रहाची मांडणी विषयवार आहे: सीता, वारी, भाऊ-बहीण, माहेर. अभ्यासकाला ती सोयीची; ऐकणाऱ्याला मात्र चकवते. भावावरच्या शेकडो ओव्या ओळीने ऐकल्या की सगळ्या सारख्या वाटू लागतात आणि पंधराव्या मिनिटाला कान मिटतात. जात्यावरची बाई अशी कप्पे करून गात नसे. एकाच दळणात ती विठ्ठलाला हाक मारी, नवऱ्याला टोमणा देई, लेकीसाठी रडे आणि मध्येच पीठ जाड पडतेय म्हणून थांबेही. ब्लूजचे जाणकार एक गायक धरतात आणि त्याची गाणी मुद्रणाच्या क्रमाने ऐकतात. ओवीलाही हीच रीत मानवते: एक बाई निवडावी, तिचे सगळे ऐकावे, मग तिच्या गावातली दुसरी.

हडपसरकरांना सुरुवात करायला वारीच्या ओव्या जवळच्या वाटतील. ज्ञानोबा आणि तुकोबांच्या पालख्या पुण्यातून निघून हडपसरच्या गाडीतळाला वेगळ्या होतात. एक दिवे घाटाने सासवडला, दुसरी सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरला. या संग्रहात वारीवरच्या ओव्या उदंड आहेत. त्यातल्या कितीतरी घर-शेत सोडून जाता न आलेल्या बायकांच्या आहेत, आणि त्यांतली हुरहुर टाळ-मृदंगाच्या गजरात सहसा ऐकू येत नाही.

गिरण्या आल्या, दळण डब्यातून जाऊ लागले आणि ओवीचे निमित्त गेले. आता जाते निघते ते बहुतेक लग्नाची हळद दळायला. तरी ज्यांनी मुलगी म्हणून खुंटा ओढला, अशा आज्या अजून घराघरांत आहेत. त्यांच्याकडून ओवी फोनवर मुद्रित करून घ्यावी, आणि त्याच वेळी त्यांचे पूर्ण नाव, माहेर, सासर आणि ती ओवी कुणाकडून आली हेही विचारून ठेवावे.