आधी नळ्या, मग पडदे

माझ्या भाच्याने ओहायोत सेकंडहँड ट्रेलर घेतला आणि पहिल्याच आठवड्यात खरेदीही उरकली: दिव्यांच्या माळा, घडीच्या खुर्च्या, पडदे, कॉफीचं यंत्र. "मामा, आता फक्त निघायचं बाकी आहे," फोनवर म्हणाला. मी विचारलं, सांडपाण्याची नळी घेतलीस का? "ती गाडीबरोबर येते ना?"

बहुतेकदा येत नाही. आणि जुन्या मालकाची आली, तर ती वापरू नये.

आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर हे सगळ्यांना पटतं, पण घर म्हटलं की वीज, पाणी आणि संडास आला. कॅम्पग्राउंडवर गाडी लावली की या तीन जोडण्या आपल्या हातांनी करायच्या असतात. नव्या मालकाचे पैसे आधी तिथे गेले पाहिजेत. दुकानं मात्र भरलेली असतात ती गोंडस वस्तूंनी.

संडासाचं आधी सांगतो, कारण ते कुणी सांगत नाही. गाडीखाली दोन टाक्या असतात. संडासाची ब्लॅक टँक, बेसिन आणि न्हाणीची ग्रे टँक. दोन्हींचं पाणी एकाच तीन इंची नळीतून बाहेर पडतं. आधी ब्लॅक सोडायची, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुतली जाते. ब्लॅकचा व्हॉल्व्ह मात्र टाकी निदान दोन तृतीयांश भरेपर्यंत बंदच ठेवायचा. 'सारखं कोण उघडणार' म्हणून तो उघडा ठेवला, तर पातळ निघून जातं आणि बाकीचं तळाशी साचून घट्ट होतं. मग ते काढताना जे होतं ते रविवारच्या पुरवणीत लिहिण्यासारखं नाही. म्हणून चांगली जाड नळी, फेकून देता येणारे हातमोजे, लवकर विरघळणारा टॉयलेट पेपर आणि नळीच्या तोंडाशी लावायचा पारदर्शक एल्बो. टाकी खरंच रिकामी झाली का, हे त्या एल्बोतून दिसतं.

पिण्याच्या पाण्याची नळी वेगळी. बागेतली चालत नाही. टाकी विसळायला तिसरी, दुसऱ्या रंगाची. इथे आजीचं सोवळंओवळं अक्षरशः पाळावं. नळाला आधी प्रेशर रेग्युलेटर लावायचा आणि मग नळी. काही कॅम्पग्राउंडवर पाण्याचा दाब आरव्हीच्या नळजोडांना झेपण्यापलीकडचा असतो. रेग्युलेटर तो साधारण 40 ते 50 पीएसआयवर आणतो.

विजेबाबत आपल्या मंडळींना वेगळा धडा शिकावा लागतो. लहान गाड्यांना 30 अँपिअरची जोडणी असते. 120 व्होल्टवर हे होतात 3,600 वॅट. उन्हाळ्यातली संध्याकाळ, छतावरचा एसी चालू, इन्स्टंट पॉटमध्ये खिचडी चढलेली, आणि कुणीतरी मायक्रोवेव्हमध्ये पापड भाजायला ठेवतं. ब्रेकर पडलाच म्हणून समजा. साधा शिट्टीचा कुकर आणि गाडीतलाच प्रोपेनचा गॅस बरा. 50 अँपिअरची गाडी असेल तर दोन लाइव्ह तारा मिळून 12,000 वॅट मिळतात, तिथे खुशाल भाजा. पण जोडणी कोणतीही असो, खांबावरच्या सॉकेटमध्ये गाडीचा प्लग थेट खुपसू नये. मध्ये सर्ज प्रोटेक्टर हवा, आणि तोही न्यूट्रल तुटलेला असेल किंवा व्होल्टेज फार उतरलं असेल तर वीज तोडणारा. सगळ्यांचे एसी एकदम चालू झाले की व्होल्टेज उतरतं आणि कॉम्प्रेसर जळू शकतो. ही वस्तू महाग वाटते. नवा एसी त्याहून कितीतरी महाग पडतो.

फोडणी दिली की धुराचा अलार्म कोकलणार, हे गृहीत धरा. पंखा लावा, खिडकी उघडा, पण बॅटरी काढून ठेवू नका. धूर, गॅस आणि कार्बन मोनॉक्साइड अशा तिन्हींचे अलार्म चालू हवेत.

चाकांखाली लावायच्या ठोकळ्या आणि गाडी समतल करायचे ब्लॉक, हे सामान स्वस्तातलं. ट्रेलर ओढणाऱ्या गाडीपासून सोडवण्याआधी ठोकळ्या लावायच्या, नंतर नाही. आणि समतलपणा फक्त झोपेसाठी लागत नाही. प्रोपेनवर चालणाऱ्या फ्रिजमधलं अमोनियाचं मिश्रण गुरुत्वाकर्षणाने फिरतं. गाडी कलती राहिली तर फ्रिज थंड होत नाही, कायमचा बिघडूही शकतो.

बाकी खुर्च्या, माळा, पडदे पहिल्या सहलीनंतर घ्या. ती सहल घरापासून तासाभराच्या अंतरावरच करा, म्हणजे विसरलेली वस्तू आणता येईल.

एक गोष्ट मात्र फुकट आहे: गाडीची उंची छतावरच्या एसीसकट मोजा आणि आकडा स्टिअरिंगसमोर चिकटवा. नॉर्थ कॅरोलायनातल्या डरॅममध्ये एक रेल्वेचा पूल 11 फूट 8 इंचांवर होता आणि ट्रक-आरव्हींची छतं सोलण्यासाठी प्रसिद्ध होता. 2019 मध्ये तो उचलून 12 फूट 4 इंचांवर नेला. धडका अजूनही होतात.