परीक्षा बॉयलरची, दुखणे जागरणाचे

वाचकहो, लालबागच्या माझ्या दवाखान्यात येणारे बरेच पेशंट आपल्याच जिल्ह्यातले आहेत. कुणाचे वडील गिरणीत होते, कुणी नोकरीसाठी काकाच्या खोलीवर राहायला आलेले. गेल्या पावसाळ्यात असाच एक तेहेतिशीचा तरुण आला. छातीत धडधड, जेवल्यावर जळजळ, डोके जड आणि झोपेचा पत्ता नाही. बीपी पाहिले, ईसीजी काढला, साखर आणि थायरॉइड तपासले. सगळे ठीक. पंधरा दिवसांनी तक्रारी त्याच. तिसऱ्या खेपेला मी स्टेथोस्कोप बाजूला ठेवला आणि म्हणालो, "अरे, आता खरं काय ते सांग."

थोडा वेळ तो गप्प बसला. मग म्हणाला, "डॉक्टर, बॉयलरच्या परीक्षेत दुसऱ्यांदा गेलो. घरी सांगितलेलं नाही. गावाला सांगितलंय की निकाल लागायचाय."

ओळख पटू नये म्हणून त्याचे काही तपशील मी बदलले आहेत. दुखणे मात्र खरे आहे आणि ते त्याच्या एकट्याचे नाही.

ही परीक्षा कसली, ते आधी सांगतो. बंद भांड्यात पाणी तापवून दाबाखाली वाफ करणारे यंत्र म्हणजे बॉयलर. नीट चालवला तर कारखान्याचा प्राण, चुकला तर बॉम्ब. कलकत्त्यात १८६३ साली बॉयलरचा मोठा स्फोट झाला आणि त्यानंतर आपल्या देशात बॉयलर तपासणीचे कायदे होऊ लागले. पुढे १९२३ साली देशभरासाठी कायदा आला. त्याची जागा आता २०२५ च्या नव्या कायद्याने घेतली आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर परळ-लालबागच्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या. चिमण्या थंड झाल्या, पण बॉयलर काही संपले नाहीत. औषधांचे कारखाने, साखर कारखाने, डेअऱ्या, मोठ्या इस्पितळांच्या लाँड्र्या, सगळीकडे वाफ लागतेच. मोठे बॉयलर ज्याच्या ताब्यात द्यायचे, त्याच्याकडे 'बॉयलर ऑपरेशन इंजिनिअर' हा सरकारी दाखला असावा लागतो. नुसती डिग्री किंवा डिप्लोमा पुरत नाही. प्रत्यक्ष कामाचा अनुभव हवा, मग लेखी परीक्षा आणि त्यानंतर तोंडी.

आमचा हा तरुण पहिल्या खेपेला लेखीत अडकला, दुसऱ्या खेपेला तोंडीत. परीक्षकांनी विचारले, "काचेत पाणी दिसत नाही. काय कराल?" बॉयलरमधली पाण्याची पातळी दाखवणारी ही काच. ती रिकामी दिसली आणि पाणी कुठवर उतरले ते कळत नसले, तर आधी आग बंद करायची. घाईने पाणी सोडायचे नाही. तापून लाल झालेल्या नळ्यांवर गार पाणी पडले, तर घात होऊ शकतो. हे त्याला पाठ होते. नव्या पोरांना तो स्वतः हेच शिकवतो. पण त्या दिवशी तोंडातून निघाले, "फीड पंप चालू करीन." परीक्षकांनी वही मिटली.

"मला येत होतं हो डॉक्टर," असे म्हणताना त्याचे डोळे भरून आले.

मी विचारले, "आदल्या रात्री किती झोपलास?" उत्तर आले, "झोपलोच नाही. त्याच्या आधीच्या दोन रात्रीही दोन-दोन तास."

दुसऱ्या पाळीवरून तो रात्री साडेअकराला खोलीवर यायचा. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे झोपलेली, म्हणून पुस्तक घेऊन चाळीच्या गॅलरीत बसायचा. पहाटे चारपर्यंत अभ्यास, मधे थर्मासमधला चहा. सकाळी सातला नळाला पाणी आले की सगळी चाळ जागी, मग हाही जागा. असे तीन महिने. जळजळीवर मेडिकलमधून आणलेली गोळी आणि मित्राने सांगितलेले 'ब्रेन टॉनिक' चालू होतेच.

आता माझे मत ऐका. काही वाचकांना ते कठोर वाटेल. परीक्षकांनी त्याला नापास केले ते योग्यच केले. ही काही गणिताच्या मार्कांची परीक्षा नव्हे. १ नोव्हेंबर २०१७ रोजी उत्तर प्रदेशात ऊंचाहारच्या वीज केंद्रात बॉयलरचा स्फोट होऊन चाळीसहून अधिक माणसे गेली. त्या अपघाताची कारणे वेगळी असतील, पण बॉयलरजवळच्या चुकीची किंमत काय असते ते त्यातून कळते. जे उत्तर त्याने खुर्चीत बसून दिले, तेच पहाटे चारला बॉयलरपाशी उभे राहून दिले असते तर? मेंदू तोच आणि जागरणही तेच.

ऑस्ट्रेलियातील डॉसन आणि रीड या संशोधकांनी १९९७ साली दाखवून दिले की सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखी घसरते. आपल्याकडे गाडी चालवणाऱ्याला कायद्याने सूट आहे ती ०.०३ टक्क्यांपर्यंतच. म्हणजे रात्रभर जागून तोंडी परीक्षेला जाणारा उमेदवार पिऊन गेल्यासारखाच असतो. फरक एवढाच की त्याच्या तोंडाला वास येत नाही आणि घरचे त्याचे कौतुक करतात.

जागरणाचे हे कौतुक आपण थांबवले पाहिजे. "पोरगा रात्र रात्र अभ्यास करतो" हे वाक्य आपण अभिमानाने सांगतो. वास्तविक वाचलेले पक्के बसते ते झोपेत. १९२४ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात दोन विद्यार्थ्यांवर साधा प्रयोग झाला होता. अर्थहीन शब्द पाठ करून ते झोपले, तेव्हा ते बरेच लक्षात राहिले. तितकाच वेळ जागे राहिले, तेव्हा बहुतेक विसरले. पुढच्या शंभर वर्षांतल्या संशोधनाने झोपेचे हे महत्त्व पक्केच केले आहे. झोप कापून अभ्यास करणे म्हणजे भोक पडलेल्या घागरीत पाणी भरणे.

"पण डॉक्टर, वेळ कुठून आणू?" हा त्याचा प्रश्न रास्त होता. मी त्याला औषध थोडे आणि हिशेब जास्त लिहून दिला. दुसरी पाळी असेल तर आल्यावर सरळ झोपायचे, निदान सात तास. सकाळी चाळ जागी झाली तर कानात कापूस, डोळ्यांवर रुमाल. अभ्यास सकाळी उठल्यानंतर दोन तास, दादरच्या एखाद्या अभ्यासिकेत. रात्रपाळीच्या आठवड्यात नवीन धडा घ्यायचा नाही, जुन्याचीच उजळणी. झोपायच्या आधी सहा तास चहा बंद, कारण चहातले कॅफीन निम्मे उतरायलाच सुमारे पाच तास लागतात. आणि तेच पान पुन्हा पुन्हा वाचायचे नाही. पुस्तक मिटून स्वतःला प्रश्न विचारायचा आणि उत्तर मोठ्याने द्यायचे. तोंडी परीक्षेची तयारी तोंडानेच करावी लागते. सोबतच्या फोरमनला परीक्षक व्हायला सांग, म्हटले.

झोपेची गोळी मी दिली नाही, ब्रेन टॉनिक बंद केले. परीक्षेच्या भीतीवर काही जण धडधड थांबवणारी गोळी मित्राकडून घेऊन खातात. दम्याच्या माणसाला ती जिवावर बेतू शकते. डॉक्टरला विचारल्याशिवाय ती घेऊ नये.

कारखान्याच्या मालकांनाही एक सांगणे आहे. तुमच्या माणसाने दाखला मिळवला तर फायदा तुमचाच. परीक्षेच्या आधीचा आठवडाभर त्याला रात्रपाळी लावू नका. रजा साठवण्यासाठी तो डबल पाळ्या करत असेल, तर त्या करू देऊ नका.

हे सगळे झाले तरी मूळ दुखणे उरलेच होते. ते म्हणजे लपवलेला निकाल. रोज संध्याकाळी सातला गावाहून फोन यायचा, "निकाल लागला का?" धडधड सुरू व्हायची ती नेमकी साडेसहाला. मी त्याला माझीच गोष्ट सांगितली. दुसऱ्या एमबीबीएसला मी फार्माकॉलॉजीत गेलो होतो आणि घरी सांगायला मला दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत माझा अभ्यास शून्य झाला. सगळी शक्ती खोटे सांभाळण्यात गेली. सांगितल्यावर वडील अर्धा तास बोलले नाहीत, मग म्हणाले, "जेवून घे." बस्स, एवढेच. मी दुसऱ्या खेपेला पास झालो आणि गेली तीस वर्षे तीच औषधे लिहून देतो आहे.

गणपतीला तो गावी गेला आणि वडिलांना सांगून टाकले. वडील संपापर्यंत परळच्या एका गिरणीत बॉयलरवर फायरमन होते. ते म्हणाले, "मग बस परत. माझं सेकंड क्लासचं सर्टिफिकेटही दुसऱ्या खेपेलाच निघालं. तुझ्या आजीला मीसुद्धा सांगितलं नव्हतं."

त्याची तिसरी खेप अजून व्हायची आहे. पास होईलच असे मी सांगू शकत नाही. पण जळजळ गेली, धडधड थांबली आणि तो साडेसहा-सात तास झोपतो. आता नापास झालाच तर अभ्यास कमी पडला म्हणून होईल. तो दोष सुधारता येतो.

ज्यांची मुले मुंबईत अशा परीक्षांना बसली आहेत, त्या आईवडिलांना माझी हात जोडून विनंती आहे. मुलगा फोनवर तुटक बोलू लागला, सणाला यायचे टाळू लागला, 'माझ्याच्याने काही होत नाही' असे म्हणू लागला, तर हसण्यावारी नेऊ नका. जवळच्या डॉक्टरला दाखवा. सरकारची 'टेली मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मिळते आणि तिथे मराठीतून बोलता येते. आणि आज संध्याकाळी फोन कराल तेव्हा निकालाचे विचारू नका. जेवलास का, काल किती झोपलास, एवढेच विचारा. निकाल लागला की तो आपणहून सांगेल, कसाही लागला तरी.